रानातलं हरीण कुणाचं? कुंपण, परवाना आणि ‘लोक’ नावाचा शब्द

अमेरिकेत हरणं पाळण्याचा धंदा आहे. आपल्याकडे शेळीपालन, कुक्कुटपालन चालतं तसं तिथे हरीणपालन आणि एल्कपालन चालतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही मोठं, उत्तर अमेरिकेतलं हरीण. या धंद्याला राज्य सरकारचा परवाना लागतो. तो कोणत्या खात्याने द्यायचा, कोणत्या अटींवर द्यायचा आणि मुळात द्यायचा की नाही, यावरून तिथे गेली तीस-पस्तीस वर्षं विधिमंडळात, न्यायालयात आणि एका राज्यात तर थेट मतपेटीतही भांडण चालू आहे.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, आपल्या तरुणांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, वस्त्यांवर बुलडोझर येतोय, आणि हा कुठली अमेरिकेतली हरणं घेऊन बसला? प्रश्न रास्त आहे. पण या भांडणाचं टरफल सोललं तर आत आपलाच जुना प्रश्न निघतो. जी गोष्ट सगळ्यांची आहे असं कायदा सांगतो, तिला कुंपण घालायचा अधिकार कुणाला मिळतो? कुंपणातला नफा कुणाच्या खिशात जातो आणि तोटा कुणाच्या अंगावर येतो? आणि ‘सगळ्यांची’ म्हणताना त्या ‘सगळ्यां’मध्ये नेमकं कोण धरलेलं असतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक मालकीच्या गोष्टीवर खासगी धंद्याला परवाना द्यायचाच असेल, तर तो सवलत म्हणून, कडक अटींवर आणि परत घेता येईल असाच दिला पाहिजे. या बाबतीत माँटाना राज्याने घेतलेली भूमिका मला योग्य वाटते. पण ‘सार्वजनिक’ या शब्दातून तळातला माणूस आधीच वगळलेला असेल, तर एक कुंपण काढून फारसं काही बदलत नाही, कारण दुसरं कुंपण कायद्याच्या भाषेतच उभं असतं.

धंदा नेमका काय आहे?

या धंद्यातून चार प्रकारे पैसा मिळतो. पहिला, मांस. दुसरा, शिंगं. एल्कची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. ती कोवळी, मखमली असतानाच कापून वाळवतात आणि पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांच्या बाजारात विकतात. तिसरा, पैदाशीची जनावरं. मोठ्या शिंगांचे नर निवडून त्यांची वंशावळ ठेवली जाते, वीर्य विकलं जातं, आणि एकेका नराला हजारो डॉलर मोजले जातात. चौथा प्रकार म्हणजे पैसे घेऊन कुंपणाच्या आत शिकार करू देणं. गिऱ्हाईक येतं, दरपत्रक बघतं, शिंगांच्या आकारानुसार पैसे भरतं आणि पळून जाऊ न शकणाऱ्या जनावराला गोळी घालतं. मग ते डोकं दिवाणखान्यात टांगलं जातं.

हा चौथा प्रकार आपल्याला परका नाही. राजेरजवाडे हाकारे घालायला गावकुसाबाहेरच्या माणसांना वेठीला धरायचे आणि मेलेल्या जनावरावर पाय ठेवून फोटो काढायचे. तिथे राजाची जागा क्रेडिट कार्डने घेतली आहे, एवढंच.

धंद्याच्या अटी राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. साधारणपणे आठ फूट उंच कुंपण, प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, कळपाची वार्षिक मोजणी, मेलेल्या जनावराची तपासणी आणि वाहतुकीसाठी वेगळी परवानगी, असं त्यांचं स्वरूप असतं. कागदावर हे सगळं नीट दिसतं. खरी लढाई कागदाच्या पहिल्या ओळीवर आहे. त्या ओळीत या जनावराला काय म्हणायचं?

वन्यजीव की गुरंढोरं?

समाजशास्त्रात आपण शिकतो की नाव देण्याचा अधिकार ही सत्ता असते. ‘गुन्हेगार जमात’ हे नाव ज्यांना चिकटलं त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

कुंपणातल्या हरणाला कायद्याने ‘वन्यजीव’ म्हटलं तर त्यावर वन्यजीव खात्याचा अधिकार चालतो. ते खातं राज्यभरच्या रानातल्या कळपांचा विचार करतं. त्याच हरणाला ‘पशुधन’ म्हटलं की ते कृषी खात्याकडे जातं, आणि कृषी खात्याचं काम मुळात धंदा वाढवणं हे असतं. म्हणून या धंद्यातले लोक गेली अनेक वर्षं राज्याराज्यांत एकच मागणी लावून धरत आहेत, की आमच्या हरणांना गुरं म्हणा.

मिझुरी राज्यात 2014 साली विधिमंडळाने असा कायदा मंजूर केला. गव्हर्नर जे निक्सन यांनी नकाराधिकार वापरून तो अडवला. त्यांचा नकार उलथवण्याचा प्रयत्न कनिष्ठ सभागृहात फक्त एका मताने फसला. पुढे हरीणवाल्यांनी न्यायालय गाठलं. आमची हरणं बंदिस्त जागेत जन्मलेली आहेत, ती वन्यजीव कशी, असा त्यांचा सवाल होता. 2018 साली मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जन्म कुंपणात झाला म्हणून प्रजात बदलत नाही, आणि राज्याच्या संवर्धन आयोगाचा अधिकार त्यांच्यावर चालतो.

टेक्सासमध्ये तर कायद्याचं वाक्यच साधं आहे. राज्याच्या सीमेतले सगळे वन्यप्राणी त्या राज्याच्या लोकांच्या मालकीचे आहेत. तरीही परवानाधारक पैदासकारांनी दावा केला की हरणं आमची खासगी मालमत्ता आहेत. 2019 आणि 2020 साली तिथल्या अपील न्यायालयांनी हा दावा फेटाळला. तुम्ही परवाना घेऊन हरणं बाळगता, वाढवता, विकता. पण म्हणून लोकांची मालकी संपत नाही.

या दोन्ही निकालांचं मी स्वागत करतो. परवाना हा राखण करण्याचा करार असतो. राखणदाराने काही वर्षांनी मालक असल्याचा दावा सुरू केला, तर त्याला जागेवर आणण्यासाठीच कायदा हवा. आपल्याकडे गायरानाचं, तळ्यांचं, नदीतल्या वाळूचं काय झालं ते आठवा. आधी वापराची परवानगी, मग कब्जा, मग सातबारा. क्रम सगळीकडे हाच असतो.

नफा कुंपणाच्या आत, रोग कुंपणाच्या बाहेर

आता या प्रकरणातली सगळ्यात गंभीर बाब. हरणांना होणारा एक रोग आहे. त्याचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे जनावर हळूहळू खंगत जाऊन मरतं तो रोग. 1967 साली कोलोरॅडो राज्यातल्या एका संशोधन केंद्रात, बंदिस्त हरणांमध्ये तो पहिल्यांदा दिसला. हा जिवाणूंचा किंवा विषाणूंचा रोग नाही. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे तो होतो आणि मेंदूची चाळण होते. त्यावर औषध नाही, लस नाही. लागण झालेलं जनावर मरतंच. माणसाला तो झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही, तरीही बाधित जनावराचं मांस खाऊ नये असं तिथल्या आरोग्य यंत्रणा सांगतात.

परवान्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. एक, लागण झालेलं जनावर वर्ष-दीड वर्ष आणि कधी त्याहून जास्त काळ धडधाकट दिसतं. पक्कं निदान सहसा मेल्यावरच होतं. म्हणजे तपासनीस दारात उभा राहून कळप बघतो तेव्हा त्याला काहीच दिसत नाही, आणि जनावरं कागदोपत्री निरोगी म्हणून ट्रकमध्ये चढतात. दोन, हा प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. कळप गेला तरी जमीन बाधितच राहते.

ट्रकमधून हा रोग किती लांब जाऊ शकतो? अमेरिकेतल्या साउथ डकोटातून कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्ये नेलेल्या एल्कबरोबर तो तिथल्या फार्मांवर पोचला. कॅनडातून 1997 साली जिवंत एल्क दक्षिण कोरियात गेले आणि 2001 साली तिथे रोग सापडला. रानातलं हरीण पॅसिफिक महासागर ओलांडत नाही. परवाना आणि बीजक ओलांडतात.

विस्कॉन्सिन राज्यातलं एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावं असं आहे. तिथल्या एका परवानाधारक हरीण फार्मवर 2002 साली हा रोग सापडला. कायदेशीर ओढाताणीत काही वर्षं गेली. 2006 साली उरलेला कळप मारण्यात आला तेव्हा 76 पैकी 60 जनावरं बाधित निघाली. मग त्या जमिनीचं करायचं काय? रानातली हरणं आत शिरली तर रोग बाहेर जाणार. शेवटी 2011 साली सरकारने ती जमीनच विकत घेतली, ती कशासाठी, तर कुंपण टिकवण्यासाठी. धंदा खासगी, पण मागे उरलेली विषारी जमीन सार्वजनिक.

केंद्र सरकारची व्यवस्थाही बघा. 2012 पासून अमेरिकेच्या कृषी खात्याचा कळप-प्रमाणन कार्यक्रम आहे. पाच वर्षं रोगमुक्त राहिलेल्या कळपाला प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर राज्याबाहेर विक्री करता येते. भाग घेणं ऐच्छिक आहे. प्रमाणित कळपांतही पुढे रोग निघाल्याची उदाहरणं आहेत. रोग निघाला आणि कळप मारायला मालकाने संमती दिली, तर जनावराच्या किमतीच्या 95 टक्क्यांपर्यंत, पण एका जनावरामागे कमाल 3,000 डॉलर इतकी भरपाई सरकारी तिजोरीतून मिळू शकते. आज तीसपेक्षा जास्त राज्यांत हा रोग पोचला आहे. रानातल्या कळपांची तपासणी, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, संशोधन, हा खर्च कोण करतं? जनता.

भांडवलशाहीचं हे सूत्र आपल्याला नवं नाही. फायद्याच्या वेळी सरकारने लुडबुड करू नये, आणि तोट्याच्या वेळी सरकार कुठे झोपलं होतं? ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या 1947 च्या मसुद्यात बाबासाहेबांनी नेमकं हेच बजावलं होतं. सरकारी नियंत्रणातून सुटका म्हणजे आपोआप स्वातंत्र्य असं समजू नका, कारण त्या रिकाम्या जागेत खासगी मालकाची सत्ता येऊन बसते.

माँटानाने काय केलं?

रॉकी पर्वतातल्या माँटाना राज्यात 1999 साली एका एल्क फार्मवर हा रोग सापडला. दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर 2000 मध्ये, नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या प्रस्तावावर मतदान झालं. प्रस्ताव क्रमांक 143 थोड्या मताधिक्याने मंजूर झाला. त्याने तीन गोष्टी केल्या. नवे परवाने बंद. असलेला परवाना दुसऱ्याच्या नावे करणं बंद. आणि पैसे घेऊन कुंपणात शिकार करू देणं बंद. असलेल्या फार्मवाल्यांची जनावरं कुणी हिसकावून घेतली नाहीत. ते मांस, शिंगं विकू शकत होते, नियमानुसार जनावरंही विकू शकत होते.

काही मालक न्यायालयात गेले. आमचा धंदा मारला, भरपाई द्या, ही त्यांची मागणी होती. डिसेंबर 2008 मध्ये माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा परवाना राज्याने दिलेली सवलत आहे, ती भरपाई मागता येईल अशी मालमत्ता होत नाही. ज्या धंद्यावर सुरुवातीपासून कडक नियंत्रण आहे त्यात उतरणाऱ्याने नियम बदलू शकतात हे गृहीत धरलंच पाहिजे.

यावर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की रोग तर रानातही आहे, मग फार्मवाल्यांनाच का धरता? यात तथ्य आहे. शेजारच्या वायोमिंग राज्यात एल्क-हरीण फार्मिंगवर 1970 च्या दशकापासून बंदी आहे, तरीही तिथल्या रानात हा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. म्हणजे फार्म बंद केले की रोग संपेल, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण रान पेटलेलं असताना पेटत्या मशाली ट्रकने शेकडो मैल नेण्याचा परवाना द्यायचा का, हा वेगळा प्रश्न आहे. रानातलं जनावर आपल्या पायांनी जितकं चालेल तितकाच रोग पुढे जातो. ट्रकला ती मर्यादा नसते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. छोट्या शेतकऱ्याचं काय? 1990 च्या दशकात धान्याच्या आणि गुरांच्या भावाने गांजलेल्या शेतकऱ्यांना एल्क हा पूरक धंदा म्हणून दाखवला गेला. काहींनी कर्ज काढून कुंपणं घातली. पुढे रोगाच्या भीतीने कोरियाने कॅनडातली मखमली शिंगं घेणं थांबवलं, भाव कोसळले आणि आधी उतरलेले मोठे पैदासकार पैदाशीची जनावरं महागात विकून मोकळे झालेले होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. म्हणूनच माझं म्हणणं, की परवाना देतानाच सरकारने अडवलं पाहिजे. आधी स्वप्न विकू द्यायचं आणि मग बंदी घालायची, यात बळी सगळ्यात छोट्याचा जातो. माँटानात भरपाईचा कायदेशीर हक्क नव्हता हे न्यायालयाचं म्हणणं बरोबरच होतं. पण लहान कर्जदार शेतकऱ्याला त्या धंद्यातून बाहेर पडायला मदत करणं हे कल्याणकारी राज्याचं काम होतं. कायद्याने बांधील नसणं आणि जबाबदारी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

1896: एकच न्यायालय, तीन निकाल

इथपर्यंत वाचून वाटेल की एका बाजूला कुंपणवाले भांडवलदार आणि दुसऱ्या बाजूला ‘लोक’. चित्र इतकं सोपं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

वन्यप्राणी लोकांचे आणि राज्य हे फक्त विश्वस्त, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1896 मध्ये ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या खटल्यात ठळकपणे मांडलं. वाद शिकारीच्या पक्ष्यांचा होता. तेव्हा बाजारासाठीच्या बेसुमार शिकारीने कित्येक प्राणी-पक्षी नामशेष होत आले होते आणि राज्यांना आवर घालायचा होता. पुढे 1979 साली न्यायालयाने या निकालातली मालकीची भाषा मागे घेतली, पण विश्वस्ताची कल्पना आजही परवान्यावरच्या प्रत्येक वादाचा पाया आहे.

याच 1896 च्या 18 मे रोजी याच न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’चा निकाल दिला. काळ्या माणसाला रेल्वेत वेगळ्या डब्यात बसवणं घटनेत बसतं, असं सांगणारा तो कुप्रसिद्ध निकाल आपल्या अभ्यासवर्गांत आपण वाचतो. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, 25 मे रोजी, आलेला निकाल मात्र आपण वाचत नाही. ‘वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स’. रेस हॉर्स हा बॅनॉक या आदिवासी समाजाचा माणूस. 1868 च्या तहाने त्याच्या लोकांना अमेरिकेच्या मोकळ्या जमिनींवर शिकारीचा हक्क लिहून मिळाला होता. त्या बदल्यात त्यांनी जमीन सोडली होती. त्याने वायोमिंगमध्ये सात एल्क मारले आणि त्याला अटक झाली. न्यायालय म्हणालं, 1890 साली वायोमिंग हे राज्य झालं तेव्हाच तुमचा तहातला हक्क संपला.

आता हे शेजारी शेजारी ठेवा. मार्चमध्ये न्यायालय सांगतं, वन्यप्राणी सर्व लोकांचे आहेत. मे महिन्यात तेच न्यायालय सांगतं, ज्यांच्याशी लेखी करार केला त्या आदिवासींचा त्यावर हक्क नाही. दोन्ही निकालपत्रं लिहिणारे न्यायमूर्तीही एकच, एडवर्ड व्हाइट. म्हणजे ‘लोक’ या शब्दात बॅनॉक माणूस नव्हता. तो लोकांच्या मालमत्तेतला चोर ठरला.

ही चूक दुरुस्त व्हायला 123 वर्षं लागली. क्लेविन हरेरा हा क्रो समाजाचा माणूस 2014 साली एल्कच्या मागे राखीव क्षेत्रातून वायोमिंगच्या बिगहॉर्न राष्ट्रीय वनात शिरला, शिकार केली आणि त्याच्यावर खटला भरला गेला. क्रो समाजाने 1868 च्या तहात सुमारे 3 कोटी एकर जमीन सोडली होती आणि शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. मे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की वायोमिंग राज्य झाल्याने तो हक्क संपलेला नाही. एका मताने वाचलेला हक्क.

लक्षात घ्या, वायोमिंग म्हणजे तेच राज्य, जिथे खासगी एल्क फार्मवर बंदी आहे. भांडवलदाराचं कुंपण नाकारणारं राज्यच आदिवासीला हक्क नाकारत होतं. कारण तिथल्या वन्यजीव खात्याच्या लेखी ‘लोक’ म्हणजे मुख्यतः शिकारीचा परवाना विकत घेणारा नागरिक. या खात्यांचा मोठा खर्च शिकारीच्या परवान्यांच्या फीमधून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून चालतो. जो फी भरतो त्याचं खातं ऐकतं. ज्याची जमीन घेऊन हे रान तयार झालं, त्याला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

चवदार तळं ते पारधी बेडा

हा मुद्दा आपल्याला कुणी शिकवायला नको, कारण आपली चळवळच त्यावर उभी राहिली आहे. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं सर्वांचं होतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि ‘सर्वांचं’ या शब्दाचा खरा अर्थ समोर आला. मग सवर्णांनी दाव्यात काय म्हटलं? हे तळं फक्त स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचं आहे. दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा निकालात काढला. टेक्सासच्या पैदासकाराचा युक्तिवाद आणि महाडच्या सवर्णांचा युक्तिवाद यांची जात एकच आहे. वहिवाट आमची, म्हणून मालकी आमची.

आणि रेस हॉर्सची गोष्ट? ती आपल्या पारध्याची गोष्ट आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरणाची शिकार गुन्हा ठरली, हरणांची व्यापारी पैदासही बंद राहिली, आणि कायद्याविरुद्ध मारलेलं किंवा बाळगलेलं वन्य जनावर सरकारी मालमत्ता ठरलं. हा कायदा नसता तर आज काळवीट आणि चितळ किती उरले असते, हा प्रश्न आहेच, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण फासे लावून जगणाऱ्या फासेपारध्याला त्या कायद्याबरोबर जमीन, शाळा, रोजगार काय मिळालं? 2006 च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्टपणे बाहेर ठेवला. ठीक आहे. मग जगण्याचा पर्याय देण्याची जबाबदारी कुणाची? जन्माने गुन्हेगार हा शिक्का कायद्यातून गेला आणि रानात दिसला म्हणून संशयित हा शिक्का आला. ज्याला हरणाची चाल, पाणवठा, विण्याचा हंगाम कुणाहीपेक्षा जास्त कळतो, त्याला वन खात्यात सन्मानाची नोकरी देण्याऐवजी त्याच्या बेड्यावर पहिली धाड पडते.

विश्वस्ताचं तत्त्व आपल्याकडेही आहे. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ खटल्यात बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात ते भारतात आणलं, तेही अमेरिकी निकालांचा आधार घेऊन. घटनेचं कलम 39 (ख) समाजाची भौतिक संसाधनं सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत असं सांगतं. तत्त्वं आहेत. ती वापरताना आपण भोळं राहू नये, एवढंच.

कार्यकर्त्यांसाठी चार प्रश्न

उद्या आपल्याकडेही वन्यप्राण्यांच्या व्यापारी पैदाशीची मागणी पुढे येऊ शकते. पिकांची नासाडी, ग्रामीण रोजगार, पर्यटन अशी गोड नावं तिला दिली जातील. आणि हरणंच कशाला? तलाव, गायरान, वाळू, डोंगर, बियाणं, जिथे जिथे सार्वजनिक गोष्टीवर खासगी परवाना दिला जातो तिथे आपण चार प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

एक, परवाना देणारं खातं कोणतं? ज्या खात्याचं कामच धंदा वाढवणं आहे, त्याच्याच हाती धंद्यावर अंकुश ठेवण्याचं काम देऊ नये.

दोन, परवाना हक्क आहे की सवलत? तो विकता येतो का, वारशाने जातो का, परत घेता येतो का? हे पहिल्या दिवशी लिहून घ्यावं. नंतर प्रत्येक सवलतीला मालमत्तेची मुळं फुटतात.

तीन, बिघडलं तर खर्च कुणाचा? परवाना घेतानाच धंदेवाल्याकडून अनामत ठेवून घेतली पाहिजे. विस्कॉन्सिनसारखी बाधित जमीन जनतेच्या गळ्यात पडता कामा नये.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचा. ज्यांचं जगणं त्या संसाधनावर पिढ्यान् पिढ्या होतं, ते निर्णयाच्या टेबलावर आहेत का? नसतील, तर परवाना मिळो वा बंदी येवो, दोन्हीकडून मार त्यांनाच बसणार.

पहिले तीन प्रश्न अमेरिकेतले जागरूक नागरिक विचारतात, आणि त्यांच्याकडून ते शिकण्यासारखे आहेत. चौथा प्रश्न विचारायला त्यांनाही 1896 पासून 2019 यावं लागलं. आपण तो 1927 सालीच विचारला होता. सर्वांचं असलेलं पाणी आम्हाला का नाही? तोच प्रश्न आता रान, जमीन, जनावर, सगळ्याबाबतीत विचारायचा आहे, आणि तो पारधी, भिल्ल, कोलाम यांच्या खांद्याला खांदा लावून विचारायचा आहे. सर्वांचं हित अशी भाषा कानावर पडली की पुढचा प्रश्न तयार ठेवा: यादीत आमचं नाव कुठे आहे?

जय भीम!